आम्ही भोसल्यांबरोबर आलो

रायपूरला कोणी फिरायला जात नाही. माणूस तिथे बदली होऊन जातो, नाही तर लग्नाला जातो. मी संशोधनाला गेलो होतो, आणि हे तिथल्या लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. आता परत आल्यावर पुण्यातल्या लोकांनाही पटत नाहीये, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

माझ्या प्रबंधाचं नाव सांगतो, जरा टेकून बसा. 'छत्तीसगढमधील मराठी भाषक समाजाचे स्थलांतर, अस्मिता आणि सांस्कृतिक सातत्य : तीन कालखंडांचा अभ्यास.' हे नाव आमच्या सरांनी दिलेलं आहे. नाव पुरेसं लांब असलं की निम्मा प्रबंध झालाच, अशी सरांची श्रद्धा. समितीची अशी काही श्रद्धा नव्हती. मागच्या बैठकीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या वेळी रायपूरच्या मुलाखतींवरचं प्रकरण घेऊन या, नाही तर नोंदणी रद्द. मुदतवाढी सगळ्या मागून झाल्या होत्या. आईला अजून वाटतं की मी 'शेवटच्या टप्प्यात' आहे. तेव्हा मी रायपूरला इतिहास शोधायला गेलो असं लोकांना सांगतो खरं, पण मी गेलो होतो स्वतःची लाज वाचवायला.

बुढापारा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचे एक दूरचे दीर रायपुरात, एवढ्या धाग्यावर माझी राहायची सोय झाली होती. हरदासकाका. सरकारी नोकरीतून निवृत्त, स्कूटर अजून कामावर. स्टेशनवर मला घ्यायला आले आणि माझी बॅग पायाशी अडकवत त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"देशपांडे म्हणजे तुम्ही कुठले?"

"मूळचे अमरावतीकडचे."

"मग तर आपलेच झाले की," काका म्हणाले आणि त्यांनी स्कूटर अशी काही काढली की मला पुढचं ऐकूच आलं नाही. मुलाखत देणाऱ्याचा विश्वास संपादन करायला आमच्या पुस्तकांत अख्खं प्रकरण खर्ची घातलेलं असतं. माझं काम आडनावात झालं. मी मनातल्या मनात खूश झालो.

बुढापारा म्हणजे बुढा तालाबाच्या काठचा जुना भाग. गल्ल्या अशा की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं, आणि मागे कोणी जायचं यावर चर्चा होते. चर्चा अर्थात हिंदीत. पुण्यात अशा वेळी माणूस समोरच्याची अक्कल काढतो. इथे 'भैया, थोडा पीछे ले लो ना' म्हणतो, आणि समोरचा खरंच घेतो. मला पहिल्या दिवशी ते फार खटकलं.

काकांच्या घरी काका, काकू आणि त्यांची मुलगी पल्लवी. ती नवा रायपूरला सरकारी कार्यालयात नोकरीला. माझ्याशी ती पहिल्या दिवशी दोनच वाक्यं बोलली, दोन्ही हिंदीत, दोन्ही गिझरबद्दल.

आता माझ्या कामाची पद्धत सांगायला हवी. अनोळखी गावात लोक कसे शोधायचे, तर एकाची मुलाखत घ्यायची आणि उठताना त्यालाच विचारायचं, "आणखी कोणाकडे जाऊ?" तो पुढचं नाव देतो, पुढचा त्याच्या पुढचं. याला आम्ही स्नोबॉल म्हणतो. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं रायपूरचा उन्हाळा पाहिला नसावा. पण पद्धत मान्यताप्राप्त आहे, तेव्हा प्रश्नच मिटला.

आणि माझी प्रश्नावली. मूळ गाव कोणतं? घराणं इकडे कधी आलं? कुळदैवत कोणतं? आजोबा आणि वडील काय करायचे? घरी मराठी कोण कोण बोलतं? मुलांची शिक्षणं काय झाली, लग्नं कुठे झाली? ही प्रश्नावली पुण्यात चार विद्वानांनी तपासली होती. एका अविवाहित, अमरावतीकडच्या देशपांड्यानं चपला बाहेर काढून, सोफ्यावर नीट बसून, घरातल्या वडीलधाऱ्याला हे प्रश्न विचारले तर त्या कार्यक्रमाला काय म्हणतात, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी तर प्रश्न विचारताना वहीत उतरवूनही घेत होतो, त्यामुळे आमची बाजू फारच चौकस आहे असा समज पसरला.

काकांनी पहिली मुलाखत दिली आणि पुढे त्यांच्या साडभावाकडे, म्हणजे साडूंकडे, पाठवलं. साडभावानं आपल्या व्याह्यांकडे. व्याह्यांनी चुलत बहिणीकडे. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ जात राहिलो. स्वागत असं की विचारू नका. प्रत्येक घरी पडदे धुतलेले, प्रत्येक घरी पोहे, आणि ते पोहे ट्रेमधून घेऊन येणारी त्या घरची मुलगी. मी वहीत काय लिहिलं ते इथे कबूल करतो : 'पोहे हे येथील मराठी अस्मितेचे केंद्रवर्ती प्रतीक दिसते. तरुण पिढीचा आतिथ्यातील सहभाग लक्षणीय.' त्याच गावात सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर, जात-भाषा न विचारता, अख्खं शहर उभ्यानं पोहा आणि जलेबी खात असतं. मीही खात होतो. पण ते प्रश्नावलीबाहेरचं होतं.

समता कॉलनी

समता कॉलनीत दवाखाने पुष्कळ आहेत आणि काकांच्या चुलत मेहुण्यांचं घर अशाच एका दवाखान्याच्या वर आहे. त्यांनी माझ्यासाठी दुपारची झोप सोडली होती. मी विचारलं, "तुमचं घराणं इकडे कधी आलं?"

"आम्ही भोसल्यांबरोबर आलो," ते म्हणाले.

हे वाक्य तोवर मी प्रत्येक घरात ऐकलेलं होतं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागावर होता हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण मी भेटलेल्या सगळ्यांचे पूर्वज त्यांच्याबरोबर आले असतील, तर त्या फौजेत लढायला कोणी होतं की नाही, अशी मला शंका यायला लागली होती. एकाचेही पूर्वज साधे शिपाई नव्हते. सगळे कारभारी, फडणीस, खजिन्यावरचे. घोड्यांना चारा घालणारा तर एकही नाही. ते घोडे काय खात होते देव जाणे.

माझी अडचण अशी होती की प्रबंधाला तीन कालखंड हवे होते. पहिला भोसल्यांचा, दुसरा इंग्रजांनी रेल्वे आणली तो, तिसरा स्वातंत्र्यानंतर कारखाने आणि सरकारी कचेऱ्या आल्या तो. माझ्याकडे पहिला कालखंड उतू चालला होता आणि दुसरा पूर्ण कोरडा. "रेल्वेत कोणी होतं का हो तुमच्याकडे?" मी विचारलं. मेहुण्यांनी असं तोंड केलं जणू मी घरात कोणाला कुष्ठ आहे का विचारलं. "नाही, नाही. आमच्याकडे सगळे इज्जतीत."

मग आतून त्यांची मुलगी आली. पोहे ठेवून झाल्यावर तिच्या आईनं तिला गायला सांगितलं. ती बिचारी खाली बघून एक भावगीत गायली. मी वहीत 'सांस्कृतिक सातत्य' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मला स्कूटरवरून घेऊन आलेल्या काकांनी जिन्यात विचारलं, "कशी वाटली?"

"फार उपयोगी," मी म्हणालो.

काका स्कूटरला किक मारायची विसरून माझ्याकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी पल्लवी मला तालाबावर घेऊन गेली. म्हणजे काकूंनी तिला न्यायला सांगितलं. तिथे एका ठेल्यावर आम्ही फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाचे उकडलेले, मोहरी-तिळाची फोडणी दिलेले लांबट तुकडे आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. आमच्याकडे उकडीचं म्हणजे मोदक, आणि त्यासाठी गणपतीची वाट बघायची. इथे कोणत्याही मंगळवारी मिळतं. मी तिला हे ऐकवत होतो, तर तिनं द्रोण बाजूला ठेवला.

"भैया, एक बात पूछूं? आप रिसर्च करने आए हो या लड़की देखने?"

मी रिसर्च म्हणालो. ती हसली, मग तिनं सगळं सांगितलं. मी उठून गेलो की प्रत्येक घरातून काकूंना फोन येत होते. मुलगा शांत आहे, चौकशी फार करतो, पगाराचं काही बोलत नाही. मुली बघून झाल्या तरी कोणालाच होकार-नकार कळवत नाही, हे मात्र लोकांना आवडलं नव्हतं. आणि शेवटचा नंबर पल्लवीचा ठेवला होता, म्हणूनच मला घरात उतरवून घेतलं होतं. सगळ्या मुलाखती डोळ्यांपुढून गेल्या. ज्याला मी इतिहास समजून उतरवून घेत होतो तो प्रत्येकानं आपापल्या लेकीचं लग्न जमावं म्हणून इस्त्री करून आणला होता.

"म्हणजे भोसल्यांबरोबर..."

"अरे भैया, हमारे परदादा रेल्वे में बाबू थे. घोड़े पे तो दादाजी भी शादी वाले दिन ही बैठे."

समितीची बैठक जवळ आली होती आणि माझ्या वहीत फक्त लग्नाची स्थळं होती. मी तिला तसंच सांगितलं, की रेल्वेचं खरं सांगणारी घरं मला मिळाली नाहीत तर माझं सगळं संपलं. ती म्हणाली, तिच्या ऑफिसातल्या रामटेके मॅडम आहेत. मराठी आहेत, रेल्वेचं जुनं घराणं आहे. आठवडाभर मी काकांना रेल्वेवाल्या मराठी माणसांबद्दल विचारत होतो आणि मुलीची वरिष्ठ अधिकारी त्यांना आठवली नव्हती. "बाबांना माहीत नाही का?" मी विचारलं. "दिवाली में मिठाई का डब्बा बाबा ही भिजवाते हैं," ती म्हणाली.

नवा रायपूर

नवा रायपूर बांधलंय सुंदर. रस्ते इतके रुंद की ओलांडायला निघालेल्या माणसानं डबा बरोबर घ्यावा. फक्त बस नाही. म्हणजे असते, पण ती आपल्या वेळेला येते, आपली वेळ वेगळी. मी उन्हात उभा राहिलो, चुकीच्या बसमध्ये चढलो, कुठल्याशा संचालनालयापाशी उतरलो आणि तिथल्या शिपायाला पत्ता विचारला. तो म्हणाला, "हव, सीधा जाओ." सरळ गेलो. सरळच एवढं होतं की रामटेके मॅडमच्या क्वार्टरमध्ये पोचेपर्यंत माझ्या शर्टाचा नकाशा झाला होता.

मॅडमनी आधी पाणी दिलं, मग माझी प्रश्नावली मागून घेतली. चष्मा लावून वाचली. कुळदैवताशी थांबल्या.

"हे माझ्या आजोबानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुण्याहून परत घेऊन आले."

मी तो प्रश्न खोडला. पेन नीट चालेना तर त्यांनी स्वतःचं दिलं.

मग त्या बोलायला लागल्या. आजोबा भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या रुळाखाली गिट्टी टाकायच्या कामावर आले. आजीही टोपलं उचलायची. वडील गार्ड झाले. मॅडम रेल्वेच्या शाळेत शिकल्या, परीक्षा देत देत इथवर आल्या. कुठे फौज नाही, कुठे घोडा नाही, प्रत्येक गोष्टीला जागा होती आणि माणूस होता. मी आठवडाभरात पहिल्यांदा वहीत घाईनं लिहीत होतो.

"घरी मराठी बोलता?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच त्यांचा मुलगा बाहेरून आला. "आई, गाडीची चाबी काहून लपवून ठेवली तू?"

"काल कुठं गेला होता ते सांग आधी, मग देतो तुले चाबी."

"अभ्यासच करून राहिलो होतो ना मित्राकडे."

"पोट्टा खोटं बोलून राहिला," आतून मॅडमच्या आई म्हणाल्या, "त्याच्या शर्टाले समोश्याचा वास येत होता."

तिन्ही पिढ्या माझ्यासमोर अस्सल वऱ्हाडी वळणात भांडल्या. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि मला खरंच भरून आलं. सांस्कृतिक सातत्य शोधत मी पोह्यांच्या बशा रिकाम्या करत गावभर फिरलो, आणि ते इथे चावीवरून चाललं होतं. जेवायला पाटोडीची रस्सा भाजी आणि भात होता. भाजी इतकी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मॅडमच्या आईंनी माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही.

निघताना सवयीनं मी म्हणालो, "आणखी कोणाकडे जाऊ?"

मॅडम म्हणाल्या, "खूप घरं आहेत. तुम्ही आठवडाभर होते कुठं?"

परतीच्या बसमध्ये मी वही उघडून भेटलेल्या सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहिली. साडू, व्याही, मेहुणा, आतेभाऊ. कोणीही मला अशा घरी पाठवलं नव्हतं जिथे ते मुलगी देणार नाहीत. रायपूरचा मराठी समाज म्हणून मी जो काही जमवला होता तो एका लग्नाच्या मांडवात मावला असता.

पुन्हा बुढापारा

घरी पोचलो तर काकूंनी ताट घेतलं होतं. मी भूक नाही म्हणालो.

"कुठं जेवला?"

"रामटेके मॅडमकडे."

काकूंचा हात डावावर थांबला. या बाईनं मला आठवडाभर पोटच्या पोरासारखं जपलं होतं. माझा सदरा धुतला होता, उन्हात निघताना माझ्या खिशात कांदा कोंबला होता. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "खाल्लं नाही ना पण तिकडे काही? चहाच घेतला असशील."

"दोनदा वाढून घेतलं, काकू."

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण समोर ज्या होत्या त्या वाईट नव्हत्या. काका आतून आले. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मले सांग, त्यांचं नाव आमच्या नावाशेजारी येणार काय?"

"एकाच प्रकरणात येणार, काका. रायपूरचे मराठी लोक."

"काका, पण मिठाईचा डबा..." मी पुढे म्हणालो.

"ऑफिस वेगळं, घर वेगळं," काका शांतपणे म्हणाले. "हे पाय बेटा, तू पोरगा चांगला आहे. त्यांचं काढून टाक, आमचं सगळ्यांचं राहू दे. तुझं काम तर होऊन जाईल."

काम होऊन जाईल हे खरंच होतं. एवढ्या मुलाखती, सह्यांसकट. एक नाव गाळलं तर पुण्यात कोणाला कळणार होतं? सरांना तर भोसल्यांचा भाग फारच आवडला असता. मी लगेच 'नाही' म्हणालो असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी म्हणालो नव्हतो. मी 'बघतो' म्हणालो. सकाळच्या चहापर्यंत बघत होतो. मग काकांना सांगितलं की मॅडमचं राहील, आणि पहिलं राहील.

काकांनी साडभावाला फोन लावला. साडभावानं व्याह्यांना लावला असणार, व्याह्यांनी चुलत बहिणीला. मी ज्या क्रमानं घरं जोडत गेलो होतो, त्याच क्रमानं दुपारपर्यंत मला एकेक फोन आला. सगळे प्रेमानं बोलत होते. सगळ्यांनी जेवणाची चौकशी केली. आणि सगळे म्हणाले, बेटा, आमची मुलाखत वापरू नको.

नियमाप्रमाणे त्यांना तसा पूर्ण हक्क होता. प्रश्नावलीच्या तळाशी मीच तसं छापलं होतं.

स्टेशन

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं, मॅडमनी सांगितलेल्या घरांकडे जायला वेळच उरला नव्हता. काकूंनी डबा बांधून दिला. त्यात पोळ्या होत्या, लोणचं होतं, सगळं होतं. काकांची स्कूटर मात्र अचानक बिघडली, म्हणून मला सोडायला पल्लवी आली.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. सर म्हणतात, एवढ्याशा मुलाखतींवर नोंदणी जाणार. बहुतेक जाईलच. आईला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. पण त्या दिवशी फलाटावर बसलो होतो तेव्हा माझ्याकडे फक्त एक मुलाखत होती आणि मी पार खचलो होतो.

गाडीला वेळ होता. पल्लवी माझ्याशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "रेकॉर्डर निकालो."

"अगं, तुझ्या बाबांनी परवानगी मागे घेतलीये."

"बाबा ने अपनी ली है. मेरी तो आपने मांगी ही नहीं थी."

खरं होतं. मी तिच्या घरात राहिलो, तिच्या हातचा चहा प्यालो, आणि तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तिलाच काय, ट्रे घेऊन आलेल्या एकाही मुलीला नाही. मी रेकॉर्डर सुरू केला. तिनं स्वतःचं नाव आडनावासकट, स्पष्ट सांगितलं. कुठून सुरुवात करावी ते मला कळेना, म्हणून मी सगळ्यात सोपा प्रश्न घेतला.

"तुमच्या घरी मराठी बोलतात का?"

"बोलते हैं ना," ती म्हणाली. "जब कोई लड़का देखने आता है."